दात निघाला, हाडाचे काय?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

इम्प्लांटविषयी, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायच्या स्क्रूविषयी, जे छापून येते त्यात स्क्रू कसा बसवतात, वरचा दात कसा दिसतो, किती वर्षे टिकतो याची माहिती भरपूर असते. मूळचा दात ज्या दिवशी काढला, त्या दिवसाबद्दल मात्र चकार शब्द नसतो. आम्ही हिरड्यांच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारे दंतवैद्य आहोत. आमचे म्हणणे असे की, इम्प्लांट सोपा जाणार की अवघड, हे बऱ्याच अंशी दात काढतानाच ठरून जाते. रुग्ण विचारायला येतो दोन-तीन वर्षांनी, आणि तोवर हाड विरून गेलेले असते.

हाड विरते म्हणजे नेमके काय, हे समजायला वरचा ओठ उचलून पुढच्या दातांच्या हिरडीवरून बोट फिरवून पाहावे. मुळांचे उभे उंचवटे हाताला लागतात. त्या उंचवट्यांवर ओठाच्या बाजूने जी हाडाची भिंत असते, ती बहुतेकांत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. नखासारखी म्हटले तरी चालेल. दात खोबणीत रुतलेला नसतो, असंख्य बारीक तंतूंनी बांधलेला असतो. हे तंतू हाडाच्या ज्या आतल्या थरात शिरलेले असतात तो थर दाताच्या जिवावर जगतो. दात गेला की त्या थराला काम उरत नाही आणि शरीर तो मोडीत काढते. टाळूच्या किंवा जिभेच्या बाजूची भिंत जाड असते, तिच्यामागे दुसरे हाड असते, म्हणून ती तग धरते. ओठाच्या बाजूची भिंत जवळजवळ सगळी त्या एकाच थराची बनलेली असते. २००५ साली अराउजो आणि लिंढे या संशोधकांनी कुत्र्यांच्या जबड्यावर केलेल्या अभ्यासात आठ आठवड्यांत हेच टप्प्याटप्प्याने दिसले: आतून खोबण नव्या हाडाने भरत होती आणि त्याच वेळी बाहेरची भिंत खाली उतरत होती.

माणसांतले आकडे पाहिले तर २००३ च्या एका अभ्यासात दाढा-उपदाढांच्या जागी बारा महिन्यांत हाडाची रुंदी सरासरी निम्म्यावर आली, आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली. उंचीची घट त्यामानाने कमी असते, साधारण एक ते दीड मिलिमीटर. म्हणजे ‘जखम पूर्ण भरू दे, मग बघू’ असे म्हणत जो काळ जातो, नेमका तोच काळ महागात पडतो.

आता स्क्रूचे गणित. नेहमीचा इम्प्लांट चार मिलिमीटर व्यासाचा धरा. त्याच्या ओठाकडच्या किंवा गालाकडच्या बाजूला दीड ते दोन मिलिमीटर आणि आतल्या बाजूला किमान एक मिलिमीटर हाड हवे. एकूण साडेसहा-सात मिलिमीटर रुंदी झाली. शेजारच्या दाताच्या मुळापासून दीड मिलिमीटर अंतर, दोन इम्प्लांट शेजारीशेजारी असतील तर मध्ये तीन मिलिमीटर. खालच्या दाढांखालून ओठाला संवेदना देणारी नस जाते, तिच्यावर दोन मिलिमीटरचे अंतर राखावे लागते. वरच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते. दाढ गेल्यावर ती खाली सरकते आणि हाड वरून आणि खालून, दोन्हीकडून कमी होते. दात असताना अकरा-बारा मिलिमीटर रुंद असलेला काठ वर्षभराने साडेपाच-सहावर आला, की साधे काम हाड वाढवण्याच्या वेगळ्या शस्त्रक्रियेवर जाते.

यावर उपाय म्हणून दात काढल्यावर खोबण हाडाच्या किंवा हाडासारख्या पदार्थाच्या दाण्यांनी भरून ठेवतात. या पद्धतीला ‘सॉकेट प्रिझर्व्हेशन’ म्हणतात. हा शब्दच जरा फसवा आहे. हाड जसेच्या तसे राहत नाही. भरलेल्या आणि न भरलेल्या खोबणींची तुलना केली तर रुंदीची घट सरासरी दीड-दोन मिलिमीटरने कमी होते, उंचीची साधारण एक-दीड मिलिमीटरने. एवढ्याशा फरकासाठी इतका खटाटोप कशाला, असे कुणाला वाटेल. पण पाच आणि सात मिलिमीटरमधला फरक हाच असतो.

सगळ्यात महत्त्वाचा भाग दाणे भरण्याचा नसून दात काढण्याचा आहे, आणि तिथेच घाई होते. चिमटा लावून दात गालाच्या दिशेने जोरात हलवला तर दात निघतो, पण पातळ भिंतही त्याच्याबरोबर तुटून येते. हाड राखायचे असेल तर आधी पेरिओटोम या हत्याराचे पातळ पाते मुळाच्या कडेने, खोबणीच्या भिंतीला समांतर सरकवून तंतू कापत जायचे. एका जागी दहा-पंधरा सेकंद दाब धरला की दात आपोआप सैल होऊ लागतो. उचकटणी ओठाकडच्या किंवा गालाकडच्या भिंतीवर टेकवायची नाही. आधार घ्यायचा तो दोन दातांमधल्या हाडाचा किंवा आतल्या बाजूचा. दोन-तीन मुळांची दाढ असेल तर बारीक बर (दात कापायचे फिरते टोक) वापरून मुळे वेगळी करायची आणि एकेक काढायची. अशी दाढ अखंड उपटण्याचा हट्ट धरला की मधले हाड तुटते, आणि इम्प्लांटला आधार देणारे हाड नेमके तेच असते. हिरडी कापून वर उचलण्याची गरज नसेल तर ती उचलू नये, कारण पातळ भिंतीला बाहेरून रक्त मिळते ते तिथूनच.

दात निघाल्यावर धारदार चमच्याने खोबण खरवडून आतला सगळा लिबलिबीत, सुजलेला मांसल भाग काढावा लागतो. मुळाच्या टोकाशी जुनी गाठ असेल तर विशेष. तो भाग राहिला तर वर कितीही उत्तम दाणे घाला, त्यांच्याभोवती हाडाऐवजी तंतूंची पिशवी तयार होते आणि चार महिन्यांनी सारे हलायला लागते. मग सलाइनने धुवायचे आणि मोजमापाची बोथट सळई चारही भिंतींवरून फिरवून कुठे भगदाड आहे का ते पाहायचे. भिंतींतून रक्त झिरपताना दिसले पाहिजे. खोबण कोरडी, पांढरी दिसत असेल तर आतल्या बाजूला दोन-चार बारीक छिद्रे पाडून रक्त आणावे लागते. रक्ताशिवाय दाण्यांत हाड धरत नाही.

भरायचे दाणे पाव ते एक मिलिमीटर आकाराचे असतात. एका मुळाच्या दाताला साधारण अर्धा सीसी, दाढेला एक सीसीच्या आसपास लागतात. ते सलाइनमध्ये किंवा खोबणीतल्याच रक्तात भिजवून थोडेथोडे घालायचे, हलक्या दाबाने बसवायचे आणि हाडाच्या काठापर्यंत थांबायचे. गादीत कापूस ठासावा तसे ठासले तर दाण्यांमधल्या फटी बुजतात, नव्या रक्तवाहिन्यांना शिरायला वाट राहत नाही. काठाच्या वर ढीग केला तर तो हिरडीखाली टिकत नाही, टाक्यांतून बाहेर येतो. या दोन्ही चुका ‘जास्त भरले तर जास्त हाड येईल’ या समजुतीतून होतात.

वरून पडदा हवा. खोबणीचे तोंड उघडे राहिले तर हिरडीच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा कितीतरी वेगाने वाढतात आणि खाली उतरून जागा अडवतात. कोलॅजनचा पडदा काही आठवडे ते काही महिन्यांत आपोआप विरघळतो. दाट पीटीएफईचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) पडदा विरघळत नाही. तो तोंडात उघडा राहिला तरी चालतो आणि तीन-चार आठवड्यांनी चिमट्याने ओढून काढतात. कोणताही असो, त्याची कडा हिरडीखाली हाडावर दोन-तीन मिलिमीटर सरकवलेली असावी, आणि वरून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा आडवा-तिडवा टाका. टाके सात ते चौदा दिवसांत निघतात. हिरडीचे तोंड पूर्ण मिटवण्यासाठी गालाकडून हिरडी ओढून आणणे टाळावे. तसे केले तर गालाजवळची घट्ट, गुलाबी हिरडी वर सरकते आणि पुढे इम्प्लांटभोवती ती नसली की ब्रश लावताना दुखते, हिरडी सुजत राहते.

ओठाकडची भिंत आधीच गेली असेल, उदाहरणार्थ मूळ उभे तडकल्यामुळे, तर काम बदलते. दात काढण्यापूर्वीच मोजमापाची सळई हिरडीभोवती फिरवली आणि एकाच जागी ती एकदम आठ-दहा मिलिमीटर खोल गेली, बाकी सगळीकडे दोन-तीन, तर अशा तड्याचा संशय घ्यावा. साध्या एक्स-रेत तो बहुधा दिसत नाही. सीबीसीटीत, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये, किमान भिंत किती उरली ते कळते. तेव्हा पडदा खोबणीच्या आत ओठाकडून उभा घालून भिंतीची जागा घ्यायला लावतात, मग दाणे, आणि वरची कडा खोबणीच्या तोंडावर दुमडतात. एवढ्याने भागेलच असे सांगता येत नाही. इम्प्लांटच्या वेळी पुन्हा थोडे हाड घालावे लागू शकते, हे रुग्णाला आधी सांगावे.

दाणे कशाचे, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. दुसऱ्या माणसाने दान केलेल्या (दात्याच्या) हाडापासून गोठवून वाळवलेले असतात, गाईच्या किंवा डुकराच्या हाडातील सगळा सेंद्रिय भाग काढून उरलेल्या खनिजाचे असतात, आणि पूर्णपणे कृत्रिमही असतात: ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, कॅल्शियम सल्फेट. कोलॅजनचे पडदेही बहुधा गाईचे किंवा डुकराचे असतात. ज्यांच्या श्रद्धेला किंवा तत्त्वाला यातले काही चालत नाही त्यांनी ते भूल देण्याआधी बोलावे. आणि खरे तर डॉक्टरांनीच आपण होऊन सांगावे, सहीच्या कागदावर बारीक अक्षरात लपवू नये. कामाच्या दृष्टीने फरक वेगाचा आहे. दात्याच्या हाडाचे दाणे लवकर बदलले जातात, साधारण चार महिन्यांत छिद्र पाडण्याजोगे हाड मिळते. गाईच्या हाडाचे खनिज फार सावकाश विरते, वर्षानुवर्षे त्याचे कण आत सापडतात. त्यामुळे आकार छान टिकतो, पण सहा महिने थांबलेले बरे. कॅल्शियम सल्फेट काही आठवड्यांतच विरघळते. एवढ्या घाईने जाणाऱ्या पदार्थाने रुंद खोबणीचा आकार धरून ठेवावा ही अपेक्षा जरा जास्तच. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तापासून केलेल्या पीआरएफची (प्लेटलेट-रिच फायब्रिन, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट्सची दाट गुठळी) हल्ली चलती आहे. ही पद्धत २००१ मध्ये फ्रान्समध्ये शुक्रून यांनी मांडली. दहा मिलिलिटरच्या, रक्त गोठू नये म्हणून घालतात ते औषध नसलेल्या नळ्यांत रक्त घेऊन लगेच सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवायचे. मूळ कृतीत मिनिटाला सुमारे २७०० फेऱ्या, १२ मिनिटे. नळी मेजावर दोन-तीन मिनिटे पडून राहिली तर रक्त तिथेच गोठते आणि हवी ती पिवळसर गाठ धड मिळत नाही. पीआरएफने हिरडी चांगली भरते, दुखणे कमी होते. पण एकट्या पीआरएफने हाडाची रुंदी टिकते याचा पुरावा दाण्यांइतका भक्कम नाही. ‘तुमच्याच रक्ताचे, म्हणजे सर्वोत्तम’ ही जाहिरातीची भाषा झाली.

थांबण्याचा काळ कमी करण्याचा मोह रुग्ण आणि डॉक्टर, दोन्हीकडे असतो. अडीच महिन्यांत छिद्र पाडायला घेतले तर ड्रिलबरोबर दाणे ओल्या वाळूसारखे बाहेर येतात, स्क्रू पकडच घेत नाही. सीबीसीटीवर खोबण पांढरी दिसली म्हणजे हाड तयार झाले असेही नाही. दाणे स्वतःच पांढरे दिसतात.

रुग्णाच्या हातात जे असते ते पहिल्या आठवड्यात. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा, दर पाच मिनिटांनी काढून बघायचे नाही. पहिले चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचे नाही, स्ट्रॉने काही ओढून प्यायचे नाही. या तिन्हींनी तोंडात ओढ तयार होते आणि गुठळी सुटते. दुसऱ्या दिवसापासून क्लोरहेक्सिडीनचे जंतुनाशक द्रावण तोंडात घोळवून अलगद सोडून द्यावे. जिभेने टाके चाचपत बसू नये. पहिल्या काही दिवसांत दोन-चार कण जिभेवर आले तर घाबरण्याचे कारण नाही. मूठभर आले, किंवा टाकाच सुटून लोंबू लागला, तर फोन करावा. पांढरा पडदा दिसतो म्हणून तो पू समजून ओढणारे लोक असतात, म्हणून हे स्पष्ट लिहीत आहोत: ओढू नका. तात्पुरती काढता-घालता येणारी कवळी लावायची असेल तर तिचा त्या जागेवरचा भाग आतून घासून मोकळा करून घ्यावा. कवळीचा दाब रोज पडत राहिला तर भरलेली जागा दबते, आणि सगळे केलेले वाया जाते.

धूम्रपानाबद्दल हात राखून बोलण्यात अर्थ नाही. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि हे सगळे काम रक्ताच्या जोरावर चालते. निदान आधी एक आठवडा आणि नंतर दोन-तीन आठवडे तरी बंद ठेवता येणार नसेल, तर दाण्यांवर खर्च करण्यापूर्वी विचार करावा.

बिघडले हे ओळखायचे कसे? तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका कमी होण्याऐवजी वाढला, कानापर्यंत गेला, तोंडाला घाण वास येऊ लागला, तर गुठळी विरघळून हाड उघडे पडल्याची शक्यता असते. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. भरलेल्या खोबणीत हे कमी दिसते. तिथे घोटाळा होतो तो जंतुसंसर्गाचा: आठवड्याने किंवा त्यानंतर सूज, दाबले की पू, आणि पुवाबरोबर कण. अशा वेळी अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स देऊन वेळ काढू नये. संसर्ग झालेले दाणे रक्ताच्या संपर्कात नसतात, गोळी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ते सगळे काढून, धुऊन, खोबण आपली आपण भरू द्यावी आणि दीड-दोन महिन्यांनी नव्याने ठरवावे.

त्याच कारणाने, गाल सुजलेला, ताप, पू वाहतो आहे अशा स्थितीत त्याच दिवशी दाणे भरू नयेत. दात काढावा, पू मोकळा करावा, सहा-आठ आठवडे थांबावे. जुनी, शांत गाठ असेल आणि ती पूर्ण खरवडून काढता आली तर गोष्ट वेगळी.

ही बाजू मांडल्यावर दुसरीही मांडली पाहिजे, कारण आमच्याच व्यवसायात प्रत्येक खोबण भरण्याची टूम निघाली आहे. अक्कलदाढ काढली आणि तिथे काहीच बसवायचे नाही, तर भरण्याची गरज नाही. चारही भिंती शाबूत, जाड, आणि दोन महिन्यांत इम्प्लांट करायचाच आहे, तर नुसती काळजीपूर्वक दात काढणी पुरते. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात, करायचा असेल तर पुढच्या दातांत भरणे फायद्याचे असते, कारण हाड बसले की ब्रिजच्या मधल्या दाताखाली खळगा पडतो, काळी सावली दिसते. मागच्या दाढेत त्याने फारसे बिघडत नाही. दात काढल्याबरोबर त्याच खोबणीत इम्प्लांट बसवला म्हणजे हाड विरायचे थांबते, हीही एक गैरसमजूत. स्क्रू घातला तरी बाहेरची भिंत आपल्या गतीने विरतेच. म्हणून स्क्रू आतल्या बाजूला सरकवून बसवतात आणि तो व भिंत यांमधली फट दाण्यांनी भरतात.

संपूर्ण कवळी घालण्याची वेळ आलेल्यांसाठीही हा विषय आहे. ताल्ग्रेन या संशोधकांच्या १९७२ च्या, पंचवीस वर्षांच्या पाहणीत कवळी वापरणाऱ्यांच्या खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. खालची कवळी हलते ती याचमुळे. सगळे दात सरसकट काढण्याऐवजी खालचे दोन सुळे रूट कॅनाल करून, हिरडीच्या पातळीवर कापून ठेवता येतात का, हे विचारावे. मूळ आहे तोवर भोवतीचे हाड राहते. किशोरवयीन मुलांत, मार लागून हाडाला चिकटून गेलेल्या पुढच्या दाताबाबत असाच विचार स्वीडनच्या दंतवैद्यांनी १९८४ मध्ये मांडला: दात उपटायचा नाही, वरचा भाग हाडाच्या किंचित खाली कापून काढायचा, मूळ आत सोडून द्यायचे. ते हळूहळू हाडात बदलते, आणि जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावर इम्प्लांटला जागा शिल्लक असते.

दात काढण्यापूर्वी औषधांची यादी दाखवणे राहून जाते. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी अ‍ॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनेट, डेनोसुमॅब घेत असाल, सहा महिन्यांतून एकदा घेतलेले इंजेक्शन असले तरी, सांगा. अशा औषधांनी जबड्याचे हाड उघडे पडून मरू शकते, हे २००३ पासून नोंदले जात आहे. जबड्यावर किरणोपचार झाले असतील तर तेही. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका. बहुतेक वेळा ती चालू ठेवून, टाके आणि दाब यांनी रक्त थांबवता येते. मधुमेह असेल तर ताजा एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचा) अहवाल सोबत आणावा.

आणि एक साधी गोष्ट. दाण्यांच्या बाटलीवर आणि पडद्याच्या पाकिटावर चिकटवायची पट्टी असते, तिच्यावर पदार्थाचे नाव, लॉट क्रमांक आणि मुदत छापलेली असते. तिची एक प्रत आपल्या कागदांत लावून घ्या, तारखेसह. पुढे इम्प्लांट दुसऱ्याच दवाखान्यात करायचा झाला तर तिथल्या दंतवैद्याला आत काय घातले आहे आणि किती महिने झाले, हे त्या पट्टीवरून कळते. नाहीतर एक्स-रेतल्या पांढऱ्या ठिपक्यांकडे पाहून अंदाज बांधत बसावे लागते.

आपले,
हिरड्या व जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारे काही दंतवैद्य